दोन हातांचं टेबल, आठ हातांचा शाफ्ट

शाफ्ट गाडीतून उतरवला तेव्हा पहिल्यांदा हसला तो माझ्याच पोटचा मुलगा. तातेराव. गाडीच्या मागं चार हात लोखंड लोंबत आलं होतं, त्याला टोकाशी लाल फडकं बांधलेलं. तातेरावानं ते पाहिलं, आत मशीनकडं पाहिलं, आणि म्हणाला, "माय, हे तुह्या मशीनवर ठेवायचं म्हणजे शेळीवर हत्ती बसवायचा."

मी म्हटलं, "बसवू. तू अंबारी आन."

बोलायला काय जातं! बोलून मोकळी झाले. हा शाफ्टसुद्धा आमच्या दारात आला तो माझ्या जिभेपायी.

झालं असं. हिंगोलीच्या ठेसनाजवळ आमचा छोटा कारखाना. आमचे मालक, तातेरावाचे वडील, होते तेव्हा गाडीच्या चाकाला धाव चढवण्यापासून सुरुवात केली, मग एक लेथ आला, तेलाचं इंजिन आलं. मालक गेल्यावर लोक म्हणाले, आता बाई भंगार विकून माहेरी डोंगरकड्याला जाईल. मी गेले नाही. उलट सिकंदराबादच्या एका बंद पडलेल्या कारखान्यातून मिलिंग मशीन आणलं. लहानसं. टेबल दोन हात लांब आणि वीतभर रुंद. वर दातेरी चकती फिरते, खाली टेबल सरकतं, आणि टेबलावर बांधलेल्या लोखंडात सरळ खाच पडते. एवढंच त्याचं काम. पण ती खाच अशी पडते की छिन्नीनं शंभर वर्षं ठोकलं तरी तशी पडायची नाही. गावात त्याला 'म्हातारीचं खेळणं' म्हणायचे. मी म्हातारी नव्हते. पन्नाशीला म्हातारी म्हणणाऱ्यांचे दात मी मोजून ठेवलेत.

त्या साली लढाई जोरात होती. लोखंडाची सळई घ्यायची तरी हैदराबादचा परवाना लागायचा. आणि नेमकं दिवाळी सरल्या सरल्या जीनमधला, म्हणजे कापसातून सरकी काढायच्या कारखान्यातला, मोठा शाफ्ट मोडला. सगळ्या यंत्रांना फिरवणारा तो शाफ्ट. तो थांबला की जीन थांबलं. दारात कापसाच्या गाड्यांची रांग लागली, आणि यंत्रांना कापूस घालणाऱ्या चाळीस बाया भिंतीला टेकून बसल्या.

जीनचे मॅनेजर हरिचंदशेठ. सुपारीसारखा कडक माणूस, पण नीतीचा. त्यांनी धडपड करून नव्या शाफ्टासाठी लोखंडी गज मिळवला. एकच. दुसरा मिळायला पुढचा हंगाम उजाडला असता. त्यात मोठ्या चाकाची चावी, म्हणजे चाक शाफ्टाला जखडणारी पट्टी, बसायला खाच पाडायची होती. जुन्या शाफ्टला कोणीतरी छिन्नीनं वाकडी खाच पाडली होती. चावी ढिली पडली, चाक हिसके मारू लागलं, आणि शाफ्ट तिथंच तडकला.

हरिचंदशेठ म्हणाले, "अकोल्याला पाठवतो. तिथं मोठी मशिनं आहेत."

अकोला म्हणजे इंग्रजांचा मुलूख, आपला हैदराबादचा. जाताना करोडगिरीचा, म्हणजे जकातीचा, नाका, येताना करोडगिरीचा नाका, नाक्यावरचे लोक शाफ्टाला तोफेची नळी समजून बसले तर आणखी महिना. मी तिथंच, जीनच्या दारात, उभी होते. मला गप्प बसता आलं असतं.

मी म्हटलं, "शेठ, दारात मशीन असताना अकोला काहून? आमच्या मिलिंगवर चार दिवसांत खाच पाडून देते. उंदराच्या शेपटीएवढीबी वाकडी निघाली तर नाव सांगणार न्हाई."

शेठनी माझ्याकडं पाहिलं. "चतुराबाई, हा गज बिघडला तर यंदा जीन बंद. या बाया घरी. गाड्या परत. हे तुमच्या नावावर जाईल."

"जाऊ द्या," मी म्हटलं.

अशी ती गोष्ट. आणि आता आठ हातांचा, अडीच इंच जाड शाफ्ट आमच्या दारात पडला होता, आणि आमचे मिस्त्री खाजा मिया त्याच्याभोवती फिरत होते. मयत पाहायला आल्यासारखे.

खाजा मिया म्हणजे मालकांच्या वेळचा माणूस. दाढी पांढरी, बोटं काळी, बोलणं थोडं. शाफ्टाच्या एका टोकाला बसून त्यांनी डोळा लावला, दुसऱ्या टोकाला जाऊन डोळा लावला.

"सीधा है," ते म्हणाले.

"सीधा हाय ते मलाबी दिसतं. व्हतंय का ते सांगा."

"बाईसाब, टेबल दो हाथ. खाच टोकापासून दीड हातावर. म्हणजे सहा हात माल बाहेर लोंबणार. लोंबला की वाकणार. वाकला की थरथरणार. थरथरला की कटरचा दात तुटतो, नाही तर माल उडतो."

"मग?"

"मग सोचना पडेगा."

त्यांचं सोचणं दोन दिवस चाललं. नशीब एवढंच की नव्या गजाला त्यांनी हात लावला नाही. जुन्या मोडक्या शाफ्टाचा पाच हातांचा तुकडा शेठकडून मागून आणला आणि सगळे प्रयोग त्याच्यावर. पहिल्या दिवशी तुकडा टेबलावरच्या शेगड्यात, म्हणजे लोखंडी पकडीत, आवळला आणि लोंबतं टोक लाकडी घोडीवर टेकवलं. इंजिनाचा पट्टा चढवला. चकती फिरली, टेबल सरकलं, आणि तुकडा घोडीवर अडला. टेबल तर पुढं जातं, घोडी जागची हलत नाही! शेगड्यातून माल करकरत निघाला. भावसिंग, आमचा इंजिनवाला, उडी मारून बाजूला झाला.

"घोडीला पाय फुटले न्हाईत अजून," मी म्हटलं.

खाजा मिया हसले नाहीत. जमिनीवर बसून खडूनं रेघा मारत राहिले. मग मान वर करून म्हणाले, "बाईसाब, टेबल छोटा आहे ना? मग टेबलावर दुसरा टेबल चढवू. लंबा. माल त्याच्यावर झोपवू. पूरा. डोक्यापासून पायापर्यंत."

"कशाचा टेबल?"

त्यांनी मान वळवली. छपराखाली सागाची एक तुळई आडवी पडली होती, तिच्याकडं पाहिलं. नऊ हातांची, चौकोनी, वर्षभर वाळलेली. तातेरावानं नव्या ओसरीसाठी आणलेली.

"न्हाई," तातेराव म्हणाला. "माझ्या ओसरीची तुळई हाय ती."

"ओसरी पुढच्या साली," मी म्हटलं.

"माय, तिला भोकं पाडशील?"

"तुह्या ओसरीत बसून बिड्या फुकायला कोण येणार हाय रे! उचला ती तुळई."

तुळई रंध्यानं सपाट केली. टेबलाच्या खाचांतून बोल्ट वर काढून तिला टेबलाशी आवळली. एका बाजूला बाहेर आलेल्या लांब शेपटाखाली घोडी लावली, पण घोडीवर या खेपेला विहिरीच्या मोटेचा जुना लाकडी रूळ बसवला. दोर ज्याच्यावरून फिरतो ना, तोच. आता टेबल सरकलं की तुळई सरकते, आणि तिचं शेपूट रुळावरून लोण्यासारखं पुढं जातं. तुळईवर लोखंडी ठोकळे, चार ठिकाणी. ठोकळ्याच्या डोक्यावर खोल खाच, खाचेत गोल माल बसतो. आणि प्रत्येक ठोकळ्याच्या बरोबर वर पट्टी ठेवून दोन बोल्टांनी आवळायची.

मी विचारलं, "पट्ट्या मधल्या मोकळ्या जागेत का न्हाई? बोल्ट घालायला सोपं पडंल."

"मधे दाबला तर माल वाकतो बाईसाब. जिथं खालून आधार, तिथंच वरून दाब."

हे मला पटलं. भाकरीच्या टोपल्या डोक्यावर घेऊन शेतात जाणाऱ्या बाईला हे सांगावं लागत नाही.

तिसऱ्या दिवशी दुपारी जुन्या तुकड्यावर खाच पडली. स्वच्छ, सरळ. आवाजसुद्धा शिवणयंत्रासारखा. खाजा मियांनी खाचेतून नख फिरवलं आणि पहिल्यांदा दाढीतून हसले. भावसिंगनं इंजिन बंद केलं. ठरलं, उद्या सकाळी खरा शाफ्ट. हरिचंदशेठला निरोप गेला.

आता माझी करामत ऐका.

चौथ्या दिवशी सकाळी कोणी यायच्या आधी मी सुनेला, सुमनबाईला, घेऊन कारखान्यात गेले. एवढं मोठं काम मशीनच्या हातून पहिल्यांदा व्हायचं होतं. आमच्याकडं नव्या कामाआधी हत्याराला हळद-कुंकू लावतात, नारळ फोडतात. ते सगळे करतात. मला तेवढ्यानं समाधान कुठं! मी म्हटलं, पहिलं कार्य आहे, नवरीसारखी हळद लावू. कुरुंद्याची हळद घरात होतीच. करडईच्या तेलात कालवली. सून म्हणाली, "आत्याबाई, चाकाला दोन बोटं लावा, पुरे."

"तू गप. नवरीला दोन बोटं लावतात का?"

आणि मी पोटभर लावली. चाकाला, दांड्याला, आणि जिथं माल बसणार त्या चारी ठोकळ्यांच्या खाचांत तर चांगली चोपडून लावली. म्हटलं, नवरदेव इथंच बसणार. पट्ट्यांना खालून लावली. कुंकू वर. अंगठ्यानं.

खाजा मिया आले. चप्पल दाराशी काढली. मशीनकडं पाहिलं, माझ्याकडं पाहिलं, नारळाचा तुकडा घेतला, तोंडात टाकला. मग कामाला लागले. भावसिंगनंही पाहिलं. तोही इंजिनकडं वळला.

खाजा मियांची एक सवय होती. खऱ्या मालाला हात लावायच्या आधी जुन्या तुकड्यावर एकदा फिरवून पाहायचं, काल केलेलं असलं तरी. त्या सवयीला मी एरवी नावं ठेवायची. त्या दिवशी त्या सवयीनं आम्हाला वाचवलं.

जुना तुकडा ठोकळ्यांत बसवला. पट्ट्या आवळल्या. बिस्मिल्ला म्हणून पट्टा चढवला. चकती मालाला लागली आणि वीतभर पुढं गेली असेल नसेल, खाडकन आवाज झाला. तुकडा लांबीनं मागं सरकला, चकती रुतली, पट्टा सुटून भिंतीवर आपटला.

हरिचंदशेठ तेवढ्यात दारात आले होते. त्यांनी टोपी काढून हातात घेतली.

"पट्टी ढिली राहिली," खाजा मिया म्हणाले. "माझी चूक."

पाना घेऊन त्यांनी एकेक नट अजून आवळला. इतका, की भावसिंग म्हणाला, मिया बोल्ट तुटेल. पुन्हा पट्टा. या वेळी तुकडा मागं गेला नाही, जागच्या जागी फिरला. खाच वाकडी पडली. हरळीच्या मुळासारखी वाकडी.

खाजा मियांनी पट्टा उतरवला. इंजिन तेवढं धपधप करत होतं, मग भावसिंगनं तेही बंद केलं.

तातेराव माझ्याजवळ आला. हळू म्हणाला, "माय, पुरे. शेठला सांगू, अकोल्याला न्या. गज अजून चांगला हाय. अजून काही गेलेलं न्हाई."

खाजा मियांनी पाना खाली ठेवला. हात पुसत माझ्यासमोर आले. "बाईसाब, तातेराव बराबर बोलतो. माझ्या हातात ती बात आता राहिली नाही. उमर झाली. हे काम परत द्या. मीही..." आणि ते थांबले.

"तुमीबी काय?"

"मीही घरी बसतो."

तीस वर्षं आमच्याकडं राबलेला माणूस. माझे मालक गेले तेव्हा ज्यानं कारखान्याला कुलूप लागू दिलं नाही, तो माणूस चप्पल घालायला दाराकडं निघाला.  राग कोणावर काढायचा म्हणून मी त्या जुन्या तुकड्यावर काढला. "काल गुणाचा व्हतास, आज काय झालं रे तुला, मेल्या!" म्हणत मी त्याला ठोकळ्यात हातानं ढकललं. पट्ट्या ढिल्या केलेल्या होत्या. तो असा सरकला जसा ओल्या घाटावर साबण.

मी हात वर घेतला. तळवा पिवळा. बोटं तेलानं चकाकत होती.

मी एका ठोकळ्याच्या खाचेत बोट घातलं. पिवळं. दुसऱ्यात. पिवळं. पट्टीच्या खाली. पिवळं.

काल आणि आज यांत फरक एवढाच होता, आणि तो फरक मी आणला होता. वाटीतून.

"खाजा मिया!" मी ओरडले. "थांबा! चप्पल ठेवा खाली!"

ते थांबले.

"तुमाला ही हळद दिसली व्हती?"

त्यांनी हात फडक्याला पुसले.

"मी इचारते, दिसली व्हती का?"

"दिसली होती, बाईसाब."

"तेलानं माल घसरतो हे तुमाला कळत न्हाई? काल चारी ठोकळे रॉकेलनं पुसून घेतले ते कोणी? माह्या आज्यानं?"

"कळतं."

"मग पुसली काहून न्हाई?"

खाजा मियांनी खाली पाहिलं. "बाईसाब, पूजा तुमची. हळद तुमच्या हाताची. मी मुसलमान माणूस, मी फडक्यानं तुमचं हळद-कुंकू पुसू? उद्या काही बिघडलं तर गाव काय बोलेल? आणि तुमच्या दिलाला काय वाटेल? मी सोचलं, थोडं जास्त आवळू, धरेल. नाही धरलं."

"आणि तुमी घरी बसणार! माह्या हळदीपायी!"

"फिर क्या करता?"

मी भावसिंगकडं वळले. "आणि तू? तू तर मुसलमान न्हाईस!"

"बाई," भावसिंग म्हणाला, "तुमाला कोण सांगणार?"

हे ऐकून हरिचंदशेठच्या तोंडून फस्सकन हसू आलं. त्यांनी ते टोपीत लपवलं. मी पाहिलं, पण त्या वेळी सोडून दिलं.

चार माणसांसमोर मी, मी म्हणजे चतुराबाई, कंबर बांधली आणि म्हटलं, "ऐका. हळद मी लावली. घोटाळा माह्या हाताचा. मियांचा न्हाई, मशीनचा न्हाई. कुणाला हसायचं आसंल तर काम झाल्यावर हसा, आता रॉकेल आना."

तातेराव रॉकेलची बाटली घेऊन पळाला. इतका लगबगीनं धावताना मी त्याला त्याच्या लग्नातही पाहिलं नव्हतं. भावसिंगनं तुकडा उतरवला, आणि पदर खोचून मी माझ्या हातानं पहिला ठोकळा पुसला. मग दुसरा, तिसरा, चौथा. पट्ट्या खालून पुसल्या. खाजा मिया म्हणाले, "आता मी करतो," मी म्हटलं, "लांब राहा. लावली मी, काढणार मीच." कुंकवाचा ठिपका पुसताना मात्र हात जरा थांबला. मग मनात म्हटलं, देवाला काय, तो चाकावरच्या हळदीत भागवून घेईल, चाकाला काही आवळायचं नसतं. आणि पुसला.

सगळं कोरडं झाल्यावर खाजा मियांनी बिडीच्या पुड्याचा पातळ कागद फाडला आणि माल व ठोकळा यांच्या मधे एकेक तुकडा ठेवला.

"हे कशाला?"

"लोखंड लोखंडावर घसरतं. मधे कागद असला की चिमटा बसतो." आणि तुळईच्या टोकाशी, मालाच्या बुडाला टेकेल असा, एक लोखंडी ठोकळा त्यांनी घट्ट ठोकून बसवला. "आणि हा अडसर. हा मी कालच लावायला पाहिजे होता. ही माझी चूक, बाईसाब. तुमची एक, माझी एक."

"बरं बरं," मी म्हटलं. "वाटण्या नंतर करू."

जुना तुकडा चढवला. चकती फिरली. सरळ गेली. टोकापर्यंत.

मग खरा शाफ्ट. सहा जणांनी उचलला. शेठनीही हात लावला, धोतराला तेल लागलं तरी बोलले नाहीत. चारी ठोकळ्यांत तो असा बसला जसं लेकरू पाळण्यात. खाजा मियांनी पट्ट्या क्रमानं आवळल्या, एक इकडची, एक तिकडची, एकदम पूर्ण नाही, थोडी थोडी. शाफ्टावर हातोडीनं टिचकी मारून आवाज ऐकला. पुन्हा टिचकी. मान हलवली. बिस्मिल्ला.

चकती लोखंडाला लागली. मी कान देऊन उभी होते. खरखर नाही. थरथर नाही. तुळईचं शेपूट रुळावरून हळूच पुढं येत होतं, एकेक जव. लोखंडाचा चुरा चकाकत खाली पडत होता. भावसिंग टेकवलेल्या टोकाला तळहात लावून उभा होता. मी खुणेनं विचारलं, हादरतंय का? त्यानं मान हलवली. नाही.

एकदा फिरवून झालं. चकती थोडी खाली घेतली. दुसऱ्यांदा. तिसऱ्यांदा. त्या तीन फेऱ्यांत मी किती देवांना काय काय कबूल केलं ते मला आता आठवत नाही, आणि त्यांनाही आठवू नये.

इंजिन थांबलं. खाजा मियांनी ब्रशनं चुरा झाडला आणि बाजूला झाले. शेठ पुढं आले. खिशातून चावी काढली, बोटाएवढी पोलादी चौकोनी पट्टी, आणि खाचेवर ठेवली. बोटानं दाबली. जात नव्हती. मी पुढं वाकले.

"बोटानं नको शेठ," खाजा मिया म्हणाले. "बोटानं गेली तर ती ढिली. हातोडी मारा. हलकी."

शेठनी मारली. टक. टक. टक. चावी खाचेत बसली. शेठनी ती उचकटायला नख घातलं. नख तुटलं, चावी हलली नाही.

"चतुराबाई," शेठ म्हणाले, तुटकं नख पाहत, "आता हसू का?"

"हसा," मी म्हटलं. आणि त्यांच्या आधी मीच हसले. हसता हसता कारखान्याच्या जमिनीवर बसकण मारली. तातेराव माझ्याजवळ येऊन उकिडवा बसला.

"माय, तुळईला किती भोकं पडली बघितलंस?"

"आठ. आणि तुही ओसरी लई भारी दिसंल. वारा खेळंल."

दुपारी दोन गाड्या एकामागं एक जोडून शाफ्ट जीनकडं नेला. जीनच्या लोकांनी संध्याकाळपर्यंत चाक चढवलं आणि दुसऱ्या दिवशी सकाळी पट्टा लावला. मी गेले होते. सवय म्हणून नाही, कानानं ऐकायला. जुना शाफ्ट फिरायचा तेव्हा भिंती धडधडायच्या. आता मी भिंतीला हात लावून उभी राहिले. एकसारखी घरघर, बाकी काही नाही. चाळीस बायांनी कापूस घालायला सुरुवात केली, सरकी खाली, रुई वर, आणि बाहेर गाड्यांची रांग एकदाची हलली.

खाजा मियांनी सगळा वेळ शाफ्टाजवळ उभं राहून चावीवर डोळा ठेवला होता. दुपारी पाहते तर ते जागेवर नव्हते. शोधलं. कोठाराच्या कोपऱ्यात सरकीच्या पोत्यांवर, एवढ्या आवाजात, तोंड उघडं टाकून गाढ झोपले होते. दाढीत रुईचे तंतू अडकलेले.

शेठचा एक माणूस त्यांना हलवायला निघाला.

"उठवायचं न्हाई," मी म्हटलं, आणि पोत्याशी त्यांच्या चपला नीट जोडून ठेवल्या.